रुमालाखालचे सोळा

अण्णांनी मला रुमालाखाली सोळा दिले आणि बैठकीत अठरा वाचले. फसवणारे अण्णा, फसलेला मी. साक्षीदार कुणी नाही, कारण रुमालाखालच्या सौद्याला साक्षीदार नसतो. म्हणूनच तो रुमालाखाली करतात.

हे आकडे रुपयांचे नाहीत, माणसाच्या वयाचे आहेत. इंटरनेटवरच्या खोट्या बातम्यांपासून गाव वाचवायचं, तर किती वर्षांखालच्या माणसाला कॉम्प्युटरसमोर बसू द्यायचं नाही, याचा तो सौदा होता. असला निर्णय बैलाच्या भावासारखा करतात का, असं शिकलेले लोक विचारतील. मी त्यांना उलट विचारतो, मग कसा करतात? त्या बैठकीत ज्याच्याजवळ याहून बरं माप होतं त्यानं ते बाहेर काढायचं होतं. कुणीच काढलं नाही.

गाव जालन्याकडं, टेंभुर्णीच्या पुढं आहे. नाव लिहीत नाही, कारण गाव अजून तिथंच आहे आणि मलाही तिथंच राहायचं आहे.

मी मूळचा बैलबाजारातला दलाल. एक्याऐंशीच्या सुमाराला शाळा सुटली आणि बाजार धरला. ज्यांनी बैलबाजार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. घेणारा आणि देणारा समोरासमोर बसतात, हातांवर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं दाबून भाव करतात. एक बोट म्हणजे एक. अख्खा पंजा म्हणजे पाच. आकडा मोठा असला तर पंजा पुन्हा पुन्हा दाबायचा आणि उरलेल्यासाठी बोटं धरायची. तोंडानं मात्र बैलाचं गुणगान, पावसापाण्याच्या गप्पा, एकमेकांच्या आईबापाची चौकशी. बघ्यांना काही कळत नाही. आणि एकदा हात सुटला की आकडा फिरत नाही. या एका गोष्टीवर बाजार चालतो. खोंड म्हणून म्हातारा बैल गळ्यात मारला तर बाजार हसून सोडून देतो. पण रुमालाखालचा आकडा फिरवला तर त्या माणसाच्या हाताला पुन्हा कुणी हात लावत नाही.

पुढं ट्रॅक्टर वाढले, बैल कमी झाले, तसा मी एसटीडीचा बूथ टाकला. घरोघरी फोन आले, तसं झेरॉक्सचं मशीन आणलं. मग इंटरनेट आणलं. ‘न्यू बालाजी इंटरनेट’. जुनं बालाजी कुठंच नव्हतं, पण न्यू लिहिल्यानं वजन येतं. तीन कॉम्प्युटर, मधे प्लायवूडच्या फळ्या, दाराला ‘चपला बाहेर काढाव्यात’ची पाटी आणि भारनियमनातून सवड मिळेल तेवढा वेळ जग आपल्या दारात.

गिऱ्हाईकांचे नमुने काय सांगू! एक पाव्हणा आला, म्हणाला, “इंटरनेटची एक प्रिंट द्या.”

“कशाची?”

“अख्ख्याची. घरी जाऊन निवांत वाचतो.”

आल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणणं मी बाजारात शिकलो नाही. हवामानाचं एक पान काढून त्याच्या हातात ठेवलं. त्यानं ते घडी करून टोपीत घातलं आणि गेला. पुढच्या बाजाराला पुन्हा दारात हजर. “दुसरा भाग आला का?”

पोरांचं मात्र तसं नव्हतं. ती निकाल बघायला यायची, गेम खेळायला यायची, लांबच्या पोरापोरींशी गप्पा मारायला यायची. थापाही मारायची. आमच्या गावचा एक पठ्ठ्या सहा महिने कॅनडात राहत होता, माझ्याच खुर्चीवर बसून. पण त्यामुळंच पोरं फसायची नाहीत. जो स्वतः रोज खोटं नाव सांगतो तो दुसऱ्याच्या नावावर भरवसा कशाला ठेवील?

आता अण्णा. अण्णा तालुक्याच्या कचेरीतून अव्वल कारकून म्हणून रिटायर झालेले आणि गावच्या ज्येष्ठ मंडळाचे अध्यक्ष. नोकरी सुटली, पण हात सुटला नाही. मंडळाला त्यांनी ‘आवक’ असा गोल शिक्का करून घेतला होता. मंडळात जो कागद येईल त्याच्यावर पहिला शिक्का, मग वाचन. लग्नपत्रिका आवक. जाहिरातीचं पत्रक आवक. देवळाचं लाइटबिल चुकून मंडळात आलं, तेही आवक. आमच्याकडं जुन्या माणसांना एक सवय आहे. कागदावर जांभळा गोल दिसला की तो सरकारी, आणि सरकारी म्हणजे पक्का. शिक्क्यात काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. ‘आवक’ म्हणजे फक्त ‘आला’, ‘खरा’ नव्हे, हे जन्मभर शिक्के मारलेल्या अण्णांना तरी माहीत असायला पाहिजे होतं.

एके दिवशी अण्णांच्या पुण्याच्या भाच्यानं एक मेल पाठवला आणि मला फोन केला, की मामांना प्रिंट काढून द्या. मेल इंग्रजीत. साठ वर्षांवरच्या नागरिकांना सरकारतर्फे विमानानं मोफत यात्रा, काशी किंवा बुद्धगया, ज्याची त्यानं निवडावी. ठरलेल्या दिवशी जिल्ह्याच्या ठिकाणी हजर राहावं. खाली बारीक अक्षरात, हा मेल वीस जणांना पाठवणाऱ्याला खिडकीजवळची जागा.

शेजारच्या कॉम्प्युटरवर सुजाता बसली होती. बारावी सायन्सची पोरगी, सतरा वर्षांची. बाप गवंडीकामाला सतत बाहेरगावी, घरी आई आणि आजोबा. तिनं प्रिंटवर नजर टाकली आणि फस्सकन हसली.

“काका, सरकार असल्या फुकटच्या खात्यावरून मेल करतं का? आन् खिडकीजवळची जागा म्हने! हे कुनीतरी टाइमपास करून राह्यलं.”

मी अण्णांना कागद देताना ते सांगितलं. अण्णांनी चष्मा वर केला.

“कोन म्हनतं?”

“सुजाता. किसनरावांची नात.”

“शेषराव, मी छत्तीस वर्षं सरकारी कागद हाताळलाय. आता काय बारावीच्या पोरीला इचारून आवक करू?”

आणि गेले. संध्याकाळी मंडळाच्या फळ्यावर कागद लागला, शेजारी अण्णांनी केलेलं भाषांतर, ‘उपरोक्त विषयास अनुसरून’ वगैरे, आणि दोन्हींवर जांभळा गोल. झेरॉक्सच्या प्रती माझ्याकडूनच काढून नेल्या. मी काढून दिल्या. दुकान आहे.

गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी तयारी केली. सुजाताचे आजोबा किसनराव, पाटबंधारे खात्यातले जुने चौकीदार, बुद्धगयेसाठी निघाले; नातीनं हात जोडले तरी ऐकेनात. “शिक्का हाय बाई त्याच्यावर,” एवढंच म्हणायचे. गयाबाई काशीसाठी निघाली. एकटी बाई, शेरडं राखून जगलेली. तिनं नवं लुगडं घेतलं, शेरडं जावेकडं ठेवली, लाडू केले. माझ्याकडं येऊन हळूच विचारून गेली, “शेषा, इमानात चप्पल काडावी लागती का रं?” खोटं आहे असं मी दोनदा म्हणालो. ती म्हणाली, “तुला येता येत न्हाई म्हनून तू जळून राह्यला.”

निघायच्या दिवशी हार झाले, नारळ झाले, लहानांनी पाया पडून घेतलं. दोन काळ्यापिवळ्या जीप भरून म्हातारे वळकट्यांसह जालन्याला गेले. पुढच्या जीपमधे अण्णा, मांडीवर फाइल.

संध्याकाळी परत आले. स्टँडच्या फाटकावरच्या शिपायानं म्हणे शांतपणे सांगितलं, “बाबा, हितून एसटी सुटती. इमान सुटत न्हाई.” अण्णांनी त्याला आवकचा शिक्का दाखवला. तो म्हणाला, “मंग जिथं आवक झालं तिथंच चौकशी करा.”

गाव आठवडाभर हसलं. काशीहून आलेल्यानं गावजेवण द्यायचं असतं, त्याला आमच्याकडं मावंदं म्हणतात. जो तो म्हाताऱ्यांना विचारी, “मावंदं कवा?” अण्णा छाती काढून चालत राहिले. गयाबाई मात्र घराबाहेर निघेना. शेरडं जाऊबाईच चारायची. तिचे लाडू तिनं कुणाला दिले नाहीत आणि स्वतःही खाल्ले नाहीत, असं जाऊबाईनं मला सांगितलं. या एका गोष्टीवर मला कधी हसू आलं नाही.

हसणाऱ्यांचं तोंड बंद करायचं तर गुन्हेगार पाहिजे. अण्णांनी तो शोधला. इंटरनेट. इंटरनेटवर कोण बसतं? पोरं. म्हणजे पोरांनी म्हाताऱ्यांची थट्टा केली. मेल पाठवणारा भाचा एक्कावन्न वर्षांचा होता हे मी ओरडून सांगितलं; पण तो पुण्याला, पोरं गावात, आणि जवळचा चोर पकडायला सोपा.

गावच्या तंटामुक्ती समितीची बैठक भरली. तालुक्याचे एक साहेब आले. त्यांनी तरुण पिढी, संस्कार आणि मायाजाल यावर भाषण सुरू केलं. ठराव असा होता, की एकवीस वर्षांखालच्या कुणालाही इंटरनेटच्या दुकानात प्रवेश नाही. मान्य नसेल तर दुकान बंद.

मी उभा राहिलो. “एकवीसच का?”

कुणी म्हणालं, लग्नाचं वय. कुणी म्हणालं, आकडा शुभ आहे.

“मंग वरूनबी वय लावा,” मी म्हणालो. “साठच्या वर कुनी आला तर त्यानं सोबत एक शाळकरी पोरगं आनावं. जीपमधे किती पोरं होती ते इचारा अण्णांना.”

मागं बसलेले हसले, पुढं बसलेले उठले, साहेबांचं मायाजाल मधेच तुटलं. तेव्हा अण्णा माझ्या बाकावर येऊन बसले. हळूच म्हणाले, “शेषराव, बाहेरच्या मानसासमोर आपली शोभा नको. हात दे.”

अण्णांना रुमाल माहीत होता. त्यांची बैलजोडी मीच दोनदा करून दिली होती. मी खांद्यावरचा रुमाल आमच्या हातांवर टाकला. साहेब पुन्हा संस्कारांवर आले आणि आम्ही खाली सौद्याला बसलो. अण्णा एकवीसवर. मी दहावर. अण्णा वीस. मी बारा. वर साहेब म्हणत होते, “मुलांचं वय फार नाजूक असतं,” आणि खाली अण्णा माझा अंगठा पिरगाळत होते. सुजाताचा प्रवेशाचा अर्ज महिन्यावर आला होता, त्या साली तो नव्यानंच इंटरनेटवर भरायचा होता, हे माझ्या डोक्यात होतं. सतराच्या खाली उतरल्याशिवाय मी हात सोडणार नव्हतो. शेवटी अण्णांनी माझा पंजा तीनदा दाबला आणि वर एक बोट धरलं. एकच. पंधरा आणि एक सोळा. मी ते बोट दाबून हो म्हणालो, हात सोडला, आणि मोठ्यानं म्हणालो, “मंजूर!”

लोकांनी टाळ्या वाजवल्या. अण्णा उठले, कागदावर आकडा घातला आणि वाचला, “अठरा.”

माझं डोकं फिरलं. मी काय काय बोललो ते या दिवाळी अंकात छापता येणार नाही. खुर्ची मी फेकली नाही, ती माझ्या हातून सुटली. साहेब म्हणाले, “अहो, तुम्हीच आत्ता मंजूर म्हणालात.” काय सांगू त्यांना? रुमालाखाली सोळा होते म्हणून? सांगितलं तसंच. साहेब जालन्याकडचे नव्हते. त्यांनी शेजारच्याला विचारलं, “रुमालाखाली काय होतं?”

माझ्या त्या आरडाओरड्याची शिक्षा म्हणून ठरावात आणखी दोन ओळी आल्या. दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या कामात हात घालू नये. आणि देखरेखीला ज्येष्ठ मंडळाचा एक सदस्य दुकानात बसेल. चहा दुकानाकडून.

मग जे सुरू झालं ते बघायला लोक शेजारच्या गावांहून आले. अठराखालची पोरं आत येऊ शकत नाहीत, त्यांच्या वतीनं घरचं मोठं माणूस बसणार. मोठ्या माणसाला माउस धरता येत नाही. म्हणून पोरं खिडकीच्या गजांना लटकून ओरडायची.

“आजोबा, डावीकडं! डावीकडं! उजवं सोडा!”

“आरं ते बान पळून राह्यलं!”

“तुम्ही हात उचलू नका ना, माउस हाय, पाट्यावरचा वरवंटा न्हाई!”

एक आजी दर वेळी बसण्याआधी पडद्याला हळदकुंकू लावायच्या. आणि नातवासाठी बसलेल्या या मंडळींना हळूहळू गोडी लागली. त्यांची स्वतःची खाती निघाली. एकमेकांना मेल जाऊ लागले. अमुक झाडाचा पाला उशाशी ठेवला तर डोळ्यांचा नंबर जातो. पुढच्या पौर्णिमेला दोन चंद्र दिसणार. प्रिंट, शिक्का, फळा. दोन चंद्रांसाठी अर्धं मंडळ गच्चीवर जाऊन बसलं होतं. पोरांपासून गाव वाचवायचा ठराव झाला आणि गावातल्या सगळ्या अफवा माझ्याच दुकानात, साठीच्या पुढच्या बोटांनी, देखरेखीखाली तयार होऊ लागल्या. माझा धंदा बुडाला असं मी म्हणत नाही. उलट चालला. तक्रार धंद्याची नाहीच.

तक्रार सुजाताच्या दिवसाची आहे.

अर्जाचा शेवटचा दिवस. कॉलेजं पसंतीच्या क्रमानं लावायची होती. सुजाताला औरंगाबाद पहिलं पाहिजे होतं, कारण तिथं मावशी होती, राहायची सोय होती. आजोबांच्या जिवाला बरं नव्हतं, तरी काठी टेकत आले. देखरेखीच्या खुर्चीवर त्या दिवशी खुद्द अण्णा. दुपारपर्यंत लाइट नाही. लाइट आली तशी सुजाता दारात आली.

“सतरा,” अण्णा म्हणाले. “बाहेर.”

“अण्णा, पाच मिनिटं,” मी म्हणालो.

“ठराव तुझ्यासमोर झाला, शेषराव.”

“माझ्यासमोर सोळा झाला होता!”

“ते तू आन् तुझा रुमाल बघा.”

सुजाता खिडकीशी गेली. किसनराव बसले. तेवढ्यात शेजारची पिठाची गिरणी सुरू झाली. दिवसभर लाइटची वाट बघत तीही थांबली होती ना. पट्टा फिरायला लागला की माझ्या दुकानात माणसाला स्वतःचा आवाज ऐकू येत नाही. सुजाता गजाला धरून ओरडत होती, तिचं तोंड हलताना दिसत होतं, आवाज काहीच नाही. पडद्यावर कॉलेजं इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं होती, अकोला सगळ्यांत वर. किसनरावांनी एकदा खिडकीकडं बघितलं, एकदा पडद्याकडं. पुन्हा लाइट जाईल या धास्तीनं घामेघूम झाले. मी उठलो, अण्णांची खुर्ची ढकलली, बाहेर जाऊन पोरीचं मनगट धरून तिला आत आणली. आम्ही पोचलो तेव्हा म्हाताऱ्यानं क्रम होता तसाच ठेवून शेवटचं, पुन्हा न फिरणारं बटण दाबलं होतं आणि आमच्याकडं बघून हसत होता.

“झालं बाई,” ते म्हणाले. “पक्कं केलं.”

सुजातानं पडदा वाचला. मग आजोबांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, “बराबर केलं, बाबा.” त्यांना तिनं घरी नेलं. रडली असेल तर माझ्यासमोर नाही.

अकोल्याला नंबर लागला. तिथं ना नातेवाईक, ना वसतिगृहात जागा. पोरीचं वर्ष गेलं. त्या वर्षी ती आईबरोबर कापूस वेचायला, निंदायला जात होती. रस्त्यानं दिसली की मी दुकानात काहीतरी खाली पडल्यासारखं करून वाकायचो. पुढच्या साली अठरा पूर्ण झाल्यावर आली, चपला बाहेर काढल्या, स्वतः बसली, स्वतः भरला. आता औरंगाबादला शिकते.

मी मंडळात जाऊन अण्णांना सगळ्यांसमोर विचारलं होतं. अण्णांनी हाताची बोटं पुढं केली. “शेषराव, मला संधिवात हाय. गाठी बघ. एक बोट धराया गेलो तर तीन येतात. तुझीच समजूत चुकली असंल.”

ज्या संधिवातानं दोन बोटं वाढतात तो बैल घेताना कधी उपटला नाही. तेव्हा कमीच बोटं यायची.

आमचा तो ठराव पुढं तालुक्यानं नमुना म्हणून आसपासच्या गावांना पाठवला. त्यात लिहिलंय, ‘सर्व बाजूंचा विचार करून वयोमर्यादा निश्चित करण्यात आली.’ सर्व बाजू म्हणजे माझी उजवी आणि अण्णांची उजवी. आता शहरात म्हणे मोठमोठ्या खोल्यांत बसून लोक ठरवतात, खोट्या बातम्यांपासून कोणत्या वयाला वाचवायचं. त्यांनी खुशाल ठरवावं. फक्त टेबलाखाली कुणाचे हात आहेत ते एकदा वाकून बघावं, आणि वय लावायचंच तर वर्गणी पोरं आणि म्हातारे अशा दोन्ही टोकांकडून गोळा करावी.

अण्णा, हा अंक मंडळात येतो. तुम्ही त्याच्यावर शिक्का माराल, मग वाचाल, हे मला माहीत आहे. वाचून झालं की या. सुजाता दिवाळीला गावी येणार आहे. किसनराव आता बसून असतात, त्यांना मी खुर्चीसकट चौकात आणतो. गयाबाईलाही बोलावतो; विमानाचं तिनं तुम्हाला विचारलं नाही अजून, ते तिचं मोठेपण. या सगळ्यांसमोर बसा. जन्मभर मी झाकून सौदे केले, या वेळी रुमाल आणणार नाही. माझा हात उघडा ठेवीन. त्याच्यावर तुमचा हात ठेवा, त्या दिवशी दाबली होती तेवढीच बोटं दाबा, आणि त्या पोरीच्या तोंडाकडं बघून मोठ्यानं सांगा, किती होते?